पद आणि माणूस

अमेरिकेच्या केंद्र सरकारातील नोकरभरती, सेवाशर्ती आणि निवृत्तिवेतन यांचे नियम सांभाळणारे ‘ऑफिस ऑफ पर्सोनेल मॅनेजमेंट’ हे कार्यालय १९७८च्या सेवासुधारणा कायद्याने जन्माला आले. त्याच्या आधीचा आयोग १८८३च्या पेंडलटन कायद्याने आला होता. सरकारी नोकरी न मिळाल्याने चिडलेल्या एका इसमाने १८८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि त्यानंतर वशिल्याच्या नेमणुकांना चाप लावणारा तो कायदा झाला, हा इतिहास परिचित आहे. म्हणजे हे कार्यालय मुळात नेमणुकांच्या राखणदारीसाठी. जुलै २०२५ मध्ये सिनेटने त्याच्या संचालकपदी व्हेंचर कॅपिटलच्या व्यवसायातील स्कॉट कुपोर यांच्या नावाला मंजुरी दिली, तेव्हा त्याच्याकडे मुख्य काम होते ते कपातीचे.

ऑगस्टमध्ये कुपोर यांनी आकडा दिला: वर्षअखेरीस सुमारे ३ लाख कर्मचारी कमी होतील, २४ लाखांचे २१ लाख होतील, आणि जाणाऱ्यांपैकी सुमारे ८० टक्के स्वेच्छेने जात आहेत. चर्चा या आकड्यांभोवतीच फिरत राहिली. यातून तिजोरी वाचेल, हा दावा फार वेळ घेण्याजोगा नाही. पगाराचा वाटा एकूण केंद्रीय खर्चाच्या विसाव्या भागाच्या आसपास आहे. एकही पद हलवू नये, ही भूमिकाही टिकणारी नाही.

खरा प्रश्न त्या ८० टक्क्यांचा आहे. माणूस राजीखुशीने गेला असेल तर कपातीला दोष कसला, असा हा युक्तिवाद आहे. तो वरवर सभ्य वाटतो, म्हणून अधिक घातक आहे. एक तर ‘राजीखुशी’ हा शब्दच येथे सैल वापरला जातो. याच कार्यालयाने २८ जानेवारी २०२५ रोजी केंद्रीय कर्मचाऱ्यांना पाठवलेल्या ईमेलमध्ये आत्ता राजीनामा द्या आणि ३० सप्टेंबरपर्यंत पगार घ्या, असा प्रस्ताव होता. राहणाऱ्याचे पद टिकेल याची पूर्ण हमी देता येत नाही, हेही त्यातच लिहिले होते. पण ती संमती अगदी निखळ होती असे धरले, तरी तिने सिद्ध काय होते? कर्मचाऱ्यावर अन्याय झाला नाही, एवढेच. सरकारने कोणते काम सोडले, याचे उत्तर त्यात नाही. प्रस्ताव कोण स्वीकारतो? निवृत्तीच्या उंबरठ्यावरचा जुना जाणकार, आणि ज्याला बाहेर लगेच नोकरी मिळते तो. बिनकामाचे टेबल अडवून बसलेला माणूस जागचा हलत नाही.

हवामान सेवेचे पाहावे. रोज दोनदा फुगे सोडून वातावरणाच्या वरच्या थरांतील तापमान, आर्द्रता आणि वारे मोजले जातात. हे आकडे अंदाजाच्या गणितात जातात. मार्च २०२५ मध्ये नेब्रास्कातील ओमाहा आणि साउथ डकोटातील रॅपिड सिटी येथे माणसे नाहीत म्हणून हे फुगे सोडणे थांबवावे लागले. ही मोजणी नको, असे कोणत्याही कायदेमंडळाने ठरवले नव्हते. पुढे याच सेवेला शेकडो जागा पुन्हा भरण्याची परवानगी द्यावी लागली. कर खात्यातून तर काही महिन्यांत चौथाईच्या आसपास माणसे गेली. करवसुलीचा एकही कायदा मात्र रद्द झालेला नव्हता.

म्हणून पद कमी करणे आणि माणूस कमी करणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. अमेरिकेचे जुने कपात-नियम हा भेद जाणतात: आधी पद रद्द करावे लागते, मग नियुक्तीचा प्रकार, माजी सैनिकांचे प्राधान्य, सेवेची वर्षे आणि कामगिरी पाहून कोण जाणार ते ठरते. ही पद्धत संथ आहे, तरुणांवर अनेकदा अन्यायही करते. पण ‘हे काम आता नको’ असे लेखी म्हणण्याची जबाबदारी कोणावर तरी पडते. क्लिंटन यांच्या काळातही पैसे देऊन राजीनामे घेतले गेले, मात्र त्यासाठी १९९४ मध्ये संसदेने कायदा केला होता.

कुपोर यांच्या कार्यालयाने गेलेल्या माणसांची संख्या सांगितली. तेवढ्यावर कपात यशस्वी ठरत नाही; सोडलेल्या कामांची यादी सरकारने संसदेपुढे ठेवायला हवी.