किल्ली ठेवल्यानंतरचा प्रवास

वाहन चालवणे कोणत्या वयात थांबवावे, हे भारतीय कायद्याने ठरवून दिलेले नाही. मोटार वाहन अधिनियमात 2019 साली झालेल्या दुरुस्तीनंतर पंचावन्न वर्षे ओलांडलेल्या व्यक्तीला परवाना एका वेळी पाच वर्षांसाठी मिळतो, आणि नूतनीकरणाच्या अर्जाला डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडले की अर्जदार पंच्याऐंशी वर्षांचा असला तरी केवळ वयामुळे आडकाठी येत नाही. त्यामुळे थांबण्याचा निर्णय प्रत्यक्षात घरातच होतो: रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपू लागतात, गाडी फाटकातून आत घेताना दाराला घासते, आणि मग मुलगा किंवा मुलगी अवघडलेल्या शब्दांत ‘आता गाडी नको’ असे सुचवते. हा निर्णय बहुतेक वेळा योग्यच असतो. मात्र तो घेताना अपघाताचा धोका तेवढा मोजला जातो. त्यानंतर या माणसाने बँकेत, बाजारात, मित्राकडे जायचे कसे, याची जबाबदारी कोणीच उचलत नाही.

महाराष्ट्राच्या शहरांत हा प्रश्न अधिक लवकर उभा राहतो, कारण येथील निवृत्त मध्यमवर्गाचे वाहन बहुधा दुचाकी असते. नजर शाबूत असेल आणि हातपाय वेळेवर चालत असतील, तर मोटार काही वर्षे निभावून नेता येते. स्कूटरला त्याखेरीज गुडघे, कंबर आणि तोल लागतो. सिग्नलला एका पायावर गाडीचे वजन पेलणे, ती मधल्या स्टँडवर चढवणे, खडी पसरलेल्या वळणावर चाक घसरू न देणे, यांपैकी एक गोष्ट जमेनाशी झाली की गाडी जिन्याखाली धूळ खात पडते. त्या पिढीतील पुष्कळ स्त्रिया वाहन चालवायला कधी शिकल्याच नाहीत, पतीच्या मागे बसूनच त्या हिंडल्या. तेव्हा एका माणसाने किल्ली ठेवली की दोघांचे फिरणे थांबते, आणि हे हिशेबात क्वचितच धरले जाते.

शासनाने दिलेले उत्तर मुख्यतः भाड्यातील सवलतीचे आहे. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तर वर्षे पूर्ण केलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला, आणि पासष्ट ते पंचाहत्तर या वयोगटाला अर्धे तिकीट आहे. रेल्वेने मात्र ज्येष्ठ पुरुषांना 40 टक्के आणि स्त्रियांना 50 टक्के मिळणारी सवलत मार्च 2020 मध्ये बंद केली. एसटीच्या सवलतीमुळे ज्यांना लेकीच्या गावी किंवा देवदर्शनाला जाता आले, त्यांच्या दृष्टीने तिचे मोल मोठे आहे आणि ते कमी लेखणे अन्यायाचे ठरेल. परंतु सवलत केवळ तिकिटाच्या किमतीपुरती असते, आणि वृद्धाचा प्रवास बसच्या पायरीपाशी सुरू होत नाही, तो घराच्या उंबऱ्यापासून सुरू होतो. उखडलेला पदपथ, बाकडे नसलेला थांबा, थांब्यासमोर लागलेल्या रिक्षांमुळे रस्त्याच्या मधोमध उभी राहणारी बस, मग रस्त्यावर उतरून तिच्यापर्यंत घाईने चालत जाणे आणि पाऊल पुरते आत पडण्यापूर्वी वाजलेली घंटी, एवढे सारे पार केल्यावर तिकीट फुकट असल्याचा लाभ पदरात पडतो. शहरी बससाठीच्या केंद्रीय मानकांत तळाची उंची 400, 650 आणि 900 मिलीमीटर अशी तीन प्रकारची मान्य केलेली आहे. यांपैकी 400 मिलीमीटरची, म्हणजे पदपथावरून जवळजवळ सरळ आत पाऊल टाकता येईल अशी, खालच्या तळाची बस येणार की उंच पायऱ्यांची, हे थांब्यावरच्या आजीबाईंसाठी भाड्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचे असते.

दुसरे उत्तर कुटुंबाचे, आणि त्यातली उणीव अधिक खोल आहे. मुले दवाखान्यात नेतात, रजा काढून नेतात, प्रेमाने नेतात. परंतु नेणाऱ्याच्या सोयीवर प्रवास अवलंबून राहिला की वृद्ध स्वतःच आपल्या गरजांना कात्री लावू लागतात. भजनी मंडळ, नाटक, जुन्या सहकाऱ्याची भेट, मंडईत जाऊन स्वतः निवडून आणलेली भाजी, ही कामे सांगण्यासारखी वाटत नाहीत, म्हणून ती सांगितलीच जात नाहीत; उरते ती रक्ततपासणी आणि औषधे. घराबाहेर पडणे म्हणजे दवाखान्यात जाणे, अशी स्थिती आली की त्या माणसाचे आयुष्य आजारपणापुरते आकसते, आणि याला कोणाचा दुष्टपणा कारण नसतो. कारण असते ते दर वेळी विचारावे लागण्याचे ओझे.

हे ओझे नेमके ओळखणारा एक प्रयोग अमेरिकेत झाला. मेन राज्यातील पोर्टलंड येथे 1988 मध्ये कॅथरीन फ्रॉइंड यांच्या तीन वर्षांच्या मुलाला चौऱ्याऐंशी वर्षांच्या चालकाच्या गाडीची धडक बसून गंभीर इजा झाली. मूल वाचले, आणि आईने त्या चालकावर राग धरण्याऐवजी, अशा वयात गाडी चालवण्यावाचून त्याला गत्यंतर का नव्हते, हा प्रश्न हाती घेतला. 1995 मध्ये उभ्या राहिलेल्या त्यांच्या संस्थेत वृद्ध सभासदाचे खाते असते, फेरीचे पैसे त्यातून वळते होतात, गाडीत रोख व्यवहार होत नाही. वापरात नसलेली स्वतःची मोटार संस्थेला देऊन तिची किंमतही खात्यात जमा करता येते, आणि स्वयंसेवक चालकाने केलेल्या फेऱ्या त्याच्या स्वतःच्या म्हातारपणासाठी किंवा आईवडिलांसाठी जमेस धरल्या जातात. बसणारा आपल्याच खात्यावर प्रवास करतो, आणि म्हणून तो नाटकालाही जाऊ शकतो.

जपानमध्ये परवाना स्वेच्छेने परत करण्याची सोय 1998 पासून आहे, आणि परवान्याच्या जागी मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर अनेक ठिकाणी बस व टॅक्सीच्या भाड्यात सूट मिळते. एप्रिल 2019 मध्ये टोकियोच्या इकेबुकुरो भागात सत्त्याऐंशी वर्षांच्या चालकाच्या मोटारीखाली एक आई आणि तिची लहान मुलगी मरण पावल्यावर, त्या एका वर्षात सुमारे सहा लाख लोकांनी परवाने परत केले. केवळ भीतीपोटी लोक परवाना सोडतात, पण त्यानंतर जगण्यासाठी वाहतूक लागते, आणि टोकियोलगतच्या मुसाशिनो शहराने 1995 मध्येच ती दिली होती: अरुंद गल्ल्यांत शिरणारी छोटी बस, सुमारे दोनशे मीटरवर एक थांबा, भाडे शंभर येन.

पुण्याच्या पेठांत हे अशक्य नाही. 2021 मध्ये पीएमपीने मध्य भागासाठी दहा रुपयांत दिवसभर फिरता येईल अशी ‘पुण्यदशम’ ही छोट्या बसची सेवा सुरू केली, तेव्हा तिचा विचार प्रामुख्याने कोंडीच्या अंगाने झाला. दवाखाने, मंडई, नाट्यगृह आणि बागा जोडणारा मार्ग, जवळजवळचे थांबे आणि चढउतार पुरती होईपर्यंत थांबण्याची चालक-वाहकांना दिलेली ताकीद, एवढी भर घातली तर अशी सेवा वृद्धांची हक्काची होईल. जेथे बस पोहोचत नाही, तेथे ज्येष्ठ नागरिक संघ आणि गृहनिर्माण संस्थांनी परिसरातील ठरावीक रिक्षाचालकांशी महिन्याच्या हिशेबाने करार करावेत, म्हणजे जवळचे भाडे नाकारले जाण्याचा आणि मोबाइलवरील ओटीपी शोधत रस्त्यात उभे राहण्याचा त्रास दोन्ही टळतील.

महानगरपालिका जागी होईपर्यंत घराने वाट पाहण्याचे कारण नाही. ज्या दिवशी वडिलांची किंवा आईची गाडी विकायची ठरेल, त्याच दिवशी विक्रीची रक्कम, आणि पेट्रोल, विमा व दुरुस्तीवर दरमहा होणारा खर्च, रिक्षाच्या भाड्यासाठी म्हणून त्यांच्याच हाती द्यावा, आणि तो कोठे जाण्यासाठी खर्च झाला याची चौकशी करू नये.