भोपळा

बाळ्याला वार्षिक परीक्षेत गणितात भोपळा मिळाला, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. गुरुजींनी लाल शाईने तो इतका गोल आणि ठसठशीत काढला होता की वर्गातल्या एका चित्रकाराला राहवलं नाही. मधल्या सुट्टीत त्याने त्या भोपळ्याला देठ काढला, डोळे काढले, वर झुपकेदार मिशाही दिल्या. त्या दिवसापासून बाळ्याचं नाव वर्गात भोपळ्या पडलं, आणि त्यानेही ते मुकाट्याने अंगाला लावून घेतलं.

स्वतःला कमी लेखायची त्याला तशी जुनीच खोड. पतंगाची कन्नी बांध म्हटलं, ‘मला नाही जमायचं.’ वाण्याकडून सुटे मोजून आण म्हटलं, ‘माझं चुकेल.’ आजी कावायची. ‘अरे, तिन्हीसांजेला असलं अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते!’ तरी तो बोललाच, तर ‘शुभ बोल रे नाऱ्या’ म्हणून कपाळावर हात मारून घ्यायची. म्हणीतला तो नाऱ्या पुढे मांडवाला आग लागल्याचं सांगतो, हे आपल्याला ठाऊक आहेच. बाळ्याच्या मांडवाला रोज आग लागायची, आणि काडेपेटी त्याच्याच खिशात असायची.

मे महिन्यात तो मामाकडे गेला. मामाच्या मळ्यात विहीर होती, जुनी, दगडी बांधणीची. आत उतरायला पायऱ्या, भिंतीच्या कपारींत पारवे, आणि दुपारी ऊन बरोबर मध्यभागी पडलं की हिरव्या पाण्यात तळापर्यंत एक पिवळा खांब उभा राहायचा. गावची पोरं काठावरून सूर मारत, मुटके मारत, आणि पाणी पायऱ्यांवर उडालं की पारवे फडफडत वर जात. बाळ्या चौथ्या पायरीवर बसायचा. पाय पाण्यात आणि दोन्ही हात पायरीच्या दगडाला घट्ट धरलेले.

त्याच सुट्टीत त्याचा मोठा मावसभाऊही आला होता. शहरात तीन दिवसांचं कसलंसं शिबिर करून आलेला, त्यामुळे नव्या मुंजीच्या बटूसारखा उत्साह. त्याने बाळ्याला एक वाक्य दिलं : ‘मी निर्भय आहे, मी उत्तम जलतरणपटू आहे.’ रोज सकाळी आरशात बघून एकवीस वेळा म्हणायचं. घरात आरसा एकच, मामाचा दाढीचा, ओसरीच्या खांबाला खिळ्यावर टांगलेला. त्यात बाळ्याचं फक्त कपाळ दिसे. मग तो घमेलं पालथं घालून त्यावर उभा राहायचा आणि घमेलं डुगडुगत असताना निर्भयपणा घोकायचा.

चार दिवस त्याने नेमाने घोकलं. पण प्रत्येक वेळी ‘मी उत्तम’ म्हटलं की आतून कोणीतरी बारीक आवाजात म्हणे, ‘कशाचा उत्तम!’ एकवीस वेळा हा, एकवीस वेळा तो. पाचव्या दिवशी मावसभावाने ‘आता उडी!’ म्हणून आरोळी दिली आणि बाळ्याने डोळे मिटून उडी मारली. पाण्याने आरशासारखा समजूतदारपणा दाखवला नाही. बाळ्या सरळ खाली गेला. मामाने कपड्यांसकट उडी घेतली आणि त्याला केसांना धरून वर काढलं. नाकातोंडात पाणी गेलं, त्याचं फार नाही. पण पूर्वी त्याला नुसतं पोहता येत नव्हतं. आता पोहता येत नव्हतं आणि वर आपण खोटारडेही ठरलो होतो, असं त्याला वाटू लागलं. घमेल्यावर उभं राहणं त्याने सोडलं. विहिरीवर जाणंही.

इथे गोष्ट जरा थांबवतो. मावसभावाची चेष्टा करणं सोपं आहे, पण स्वतःशी चांगलं बोलावं हे त्याचं म्हणणं काही खुळं नव्हतं. फ्रान्समधले औषधविक्रेते एमिल कुए (1857 ते 1926) याच विचाराचे. लोकांना ते वीस गाठी मारलेली दोरी वापरायला सांगत. एकेक गाठ बोटांखालून सरकवायची आणि एक वाक्य वीसदा पुटपुटायचं, जपमाळ ओढावी तसं. मात्र त्यांचं वाक्य ‘मी सर्वांत उत्तम आहे’ असं नव्हतं. दिवसेंदिवस माझी प्रकृती सुधारते आहे, अशा अर्थाचं होतं. पोचलो म्हणणं निराळं आणि वाटेवर आहे म्हणणं निराळं. वाटेवर असलेल्या माणसाला आतला तो बारीक आवाज सहसा टोकत नाही, कारण त्याने खोटं काही सांगितलेलंच नसतं. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जोअॅन वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली हे तपासून पाहिलं. मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे, असं काही जणांना स्वतःशी घोकायला लावलं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच बरं होतं, त्यांना किंचित बरं वाटलं. ज्यांना खरी गरज होती, म्हणजे ज्यांचं स्वतःबद्दलचं मत वाईट होतं, त्यांना उलट आणखी वाईट वाटलं. बाळ्या घमेल्यावरून उतरला तो असा.

दोन दिवस मामा काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने माळ्यावरून एक वाळका भोपळा काढला. कडू भोपळा, वाळून लाकडासारखा झालेला, धुळीने करडा. बोटाच्या पेरांनी त्यावर टकटक केलं, तर आतून ढब्ब असा पोकळ आवाज आला. बैलांच्या हौदात त्याने तो दोन्ही हातांनी दाबून धरला आणि बुडबुडे येतात का, हे बराच वेळ बघितलं. आले नाहीत. मग सुंभाची दोरी घेऊन बाळ्याच्या पाठीला बांधायला लागला.

‘पुन्हा भोपळाच!’ बाळ्या रडवेला झाला.

‘हा बुडत नाही,’ मामा म्हणाला.

विहिरीत उतरल्यावर मामाने त्याच्या कमरेला आणखी एक दोर बांधला, टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं आणि विचारलं, ‘हं, भाचेबुवा. आता बोला.’

‘मी निर्भय...’

‘छ्या! भीती वाटतेय की नाही?’

‘वाटतेय.’

‘मग नाही कशाला म्हणतोस? पाणी काय आपल्या घरचा आरसा आहे, दाखवू ते बघायला? ते अंगाला लागतं. त्याच्यापुढे खरं असेल तेवढंच बोलायचं. बघ बरं, खरं काय काय आहे.’

बाळ्याने विचार केला. ‘पाठीला भोपळा आहे.’

‘आणखी?’

‘दोर तुझ्या हातात आहे.’

‘आणखी?’

‘पाय आहेत.’

‘हलतात?’

‘हलतात.’

‘बास झालं की! एवढं पुष्कळ आहे. हेच सांग स्वतःला. आणि “मी, मी” नको. मी जसं तुला सांगतो ना, तसं सांग. हाक मारून.’

बाळ्या पाण्यात उतरला. दातावर दात वाजत होते. ‘बाळ्या,’ तो म्हणाला, ‘पाठीला भोपळा आहे. पाय हलव.’ या वेळी आतल्या आवाजाला बोलायला काही उरलंच नाही. भोपळा खरोखरच पाठीला होता. पाय हलले. विहिरीच्या भिंतीला धरून, कपारीतल्या पारव्यांच्या विष्ठेचा वास घेत, तो पाच हात गेला आणि परत आला.

हाक मारून स्वतःशी बोलायची युक्ती मामाला कोणी शिकवली? शिकवायला घरात त्याची आई होती, बाळ्याची आजोळची आजी. ती रोज दिवेलागणीला मनाचे श्लोक म्हणायची. रामदासांचे हे 205 श्लोक म्हणजे मनाला समोर बसवून, हाक मारून सांगितलेल्या गोष्टी. मन जणू शेजारचं पोर आहे, कधी समजावायचं, कधी दटावायचं. अलीकडे अमेरिकेत ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दाखवलं की तणावाच्या प्रसंगी ‘मी’ म्हणण्याऐवजी स्वतःला नावाने हाक मारून बोललं, तर माणूस कमी गडबडतो. मामाला अर्थात हे ठाऊक नव्हतं. त्याला ठाऊक होतं ते एवढंच, की पोर दुसऱ्याला जितक्या मायेने सांगतं, तितक्या मायेने स्वतःला सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी वाक्य बदललं. ‘बाळ्या, काल पाच हात गेलास. आज सहा जा.’ तिसऱ्या दिवशी आठ. चौथ्या दिवशी चारच झाले, कारण नाकात पाणी गेलं. तो पायरीवर येऊन बसला आणि सवयीने म्हणाला, ‘मला नाही...’

‘आं?’ मामाने वर बघितलं.

‘आज नाही जमलं,’ बाळ्या म्हणाला. ‘काल आठ झाले होते.’

मामा हसला नाही की त्याने पाठ थोपटली नाही. नुसता दोर पुन्हा मनगटाला गुंडाळला.

माझ्या मते गोष्टीतला सगळ्यांत मोठा पराक्रम हाच. ‘मला जमत नाही’ आणि ‘आज जमलं नाही’ यांत दोन-चार अक्षरांचा फरक आहे. पहिलं वाक्य माणसाबद्दल असतं, दुसरं एका दिवसाबद्दल. दिवस मावळतो.

पंधरवड्यात बाळ्या भोपळ्यानिशी विहिरीला दोन फेऱ्या मारायला लागला. दोर सुटला. भोपळाही आपोआप सुटेल, असं मामाला वाटलं होतं. पण त्याची बाळ्याला सवय झाली, आणि का होऊ नये? ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात भक्ताच्या पोटाला प्रेमाची पेटी बांधून त्याला तीराला नेल्याचा दृष्टांत आहे. माउलींना पेटी लावण्यात कमीपणा वाटला नाही, तर आपण कोण?

पण एक दिवस पोरांनी पैज लावली. तळाचा चिखल मुठीत घेऊन वर यायचं. बाळ्याने पुष्कळ हातपाय मारले, डोकं पाण्यात घातलं, ढुंगण वर आलं, आणि भोपळा त्याला बुचासारखा पुन्हा वर आणून ठेवी. पोरं हसून हसून पायऱ्यांवर आडवी झाली. बाळ्या पायरीशी आला. बराच वेळ मामाकडे बघत राहिला.

‘मामा, याने खाली जाता येत नाही.’

‘नाहीच. तो वर ठेवतो. तेवढंच त्याचं काम.’

बाळ्याने स्वतःच गाठ सोडायला घेतली. ओल्या सुंभाची गाठ, सुटता सुटेना. मामाने हात लावला नाही. शेवटी दातांनी ओढून त्याने ती सोडवली, भोपळा पायरीवर ठेवला, आणि ओठ हलले. काय म्हणाला ते कोणाला ऐकू आलं नाही. पहिल्या बुडीला तो अर्ध्यातूनच परतला. दुसऱ्या बुडीला कान दुखले. तिसऱ्या बुडीला वर आला तेव्हा मुठीत काळा चिखल होता, त्यातला निम्मा वर येईपर्यंत वाहून गेलेला. पैजेत तो चौथा आला. पोरं पाच होती.

घरी निघताना त्याने भोपळा पुसून, उन्हात वाळवून, माळ्यावर होता तिथे ठेवला. पुढच्या वर्षी धाकटी मामेबहीण पोहायला शिकायची होती.

सहामाहीच्या गणिताच्या पेपरला बाळ्याने प्रश्नपत्रिका पहिल्यांदा पालथी ठेवली. मग कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं : ‘बाळ्या, सातचा पाढा येतो. अपूर्णांकांची बेरीज येते. तेवढं आधी.’ लिहून झाल्यावर खोडरबराने पुसून टाकलं, कारण पर्यवेक्षक जवळ येत होते.

त्याला शंभरात 41 मिळाले. पास व्हायला 35 लागतात.