गाळलेले अध्याय

नव्या वर्षात मोठ्या उमेदीनं बायबल उघडणारे बरेच जण फेब्रुवारीच्या सुमारास लेवीयपाशी अडखळतात. उत्पत्तीत गोष्टी आहेत, निर्गमात समुद्र दुभंगतो. आणि मग एकाएकी होमार्पणं, चरबी, गुरदे, घराच्या भिंतीवर उठलेले चट्टे. यातून आज मला काय मिळणार, असं वाटतं आणि हात स्तोत्रसंहितेकडे वळतो. रोजच्या वाचनाचा खरा लाभ मात्र इथंच सुरू होतो, असं मला ठामपणे वाटतं. आवडीचं वचन शोधत जाणाऱ्याला बहुधा आपल्याच मनातलं उत्तर सापडतं. क्रमानं वाचणाऱ्याला जे विचारलं नव्हतं तेही ऐकावं लागतं.

लेवीयचा एकोणिसावा अध्याय घ्या. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा आपल्याला येशूच्या तोंडून पाठ असते. ती मुळात इथली, १८व्या वचनातली. तिच्या आधी काय आहे? शेत कापताना कडेपर्यंत विळा चालवू नका. खाली पडलेला सरवा वेचू नका. तो गरिबाचा आणि परक्याचा. मजुराची मजुरी रात्रभर स्वतःकडे ठेवू नका. आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नका. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी हक्काच्या पैशांसाठी मालकाच्या दारात ताटकळणारा मजूर ज्यानं पाहिलाय, त्याला यातलं काही जुनं वाटणार नाही. प्रीतीचं वचन चौकटीत घालून भिंतीवर लावलेलं मी पुष्कळ घरांत पाहिलं. मजुरीचं वचन लावलेलं कुठंच पाहिलं नाही.

हा अध्याय वाचून पुढे गेलं की रूथ वेगळी दिसते. परक्या मवाब देशातली ही विधवा बवाजाच्या शेतात वेचायला येते ती कुणाच्या मेहेरबानीनं नव्हे. सरव्यावर तिचा हक्कच आहे. बवाजाचा मोठेपणा त्याच्या पुढचा. पेंढ्यांतली काही ताटं मुद्दाम पडू द्या आणि तिला रागावू नका, असं तो गड्यांना बजावतो. संध्याकाळी ती वेचलेलं झोडते तेव्हा एफाभर, म्हणजे सुमारे वीस लिटर जव निघतात. तेवढे उचलून ती सासूकडे जाते. दावीद राजा हिचाच पणतू.

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या त्याआधी ते काम पुरं झालं होतं. अनुवाद करणाऱ्याला अध्याय गाळता येत नाहीत. रमाबाईंना गुरद्यांच्या आणि चट्ट्यांच्या ओळींमध्येही तितकंच जागं राहावं लागलं असेल, याचं मला फार मोल वाटतं.

क्रमानं न वाचण्याचा सर्वांत मोठा धोका ईयोबाच्या पुस्तकात आहे. मुलंबाळं, गुरंढोरं, आरोग्य, सगळं गमावून तो राखेत बसलाय. तीन मित्र येतात आणि सात दिवस, सात रात्री एक शब्द न बोलता त्याच्यासोबत जमिनीवर बसतात. मग बोलू लागतात, आणि बिघडतं ते तिथं. बोलणं सगळं भाविक: देव न्यायी आहे, पापाशिवाय असं होत नाही, शरण जा. सुटी काढली तर त्यांतली कितीतरी वाक्यं सांत्वनाच्या पत्रात शोभतील. पण शेवटच्या, ४२व्या अध्यायात देव त्या तिघांपैकी अलीफजाला सुनावतो, की तू आणि तुझे दोघे मित्र माझ्याविषयी नीट बोलला नाहीत. माझा सेवक ईयोब बोलला. ईयोब तर देवाशी भांडला होता! मधलंच पान उघडणाऱ्याला हा निकाल कळत नाही. मग आजाऱ्याच्या उशाशी बसून तो अलीफजाचीच वाक्यं देवाची म्हणून ऐकवतो.

म्हणून दुःखाच्या घरी जाताना मी वचन निवडून नेत नाही. जाते आणि बसते. कुणी वाचायला सांगितलंच, तर ८८वं स्तोत्र वाचते. ते अंधारातच संपतं, पण त्यातला शब्द न् शब्द देवाला उद्देशून आहे. काही घरी ते सोसत नाही. सांत्वनाचं काही वाचा, म्हणतात. मग मी २३वं वाचते.