कोरडी पत्ती

कृष्णाकाठच्या एका गावात एक वृद्ध सनईवादक राहत. सारं गाव त्यांना आबा म्हणे. देवळातली पहाटेची सनई गेली चाळीस वर्षं त्यांचीच. नातवाला शिकवताना पहिला धडा ठरलेला: सनईची पत्ती ओठांत धरून भिजवायची आणि मऊ होईपर्यंत थांबायचं. एकदा नातवाने घाईने कोरडीच पत्ती फुंकली. ती चिरली. आबा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "बाळा, कोरड्या पत्तीवर जोर चालत नाही."

श्रावणात आबांचा डावा कान ठणकू लागला. दुसऱ्या दिवशी कानात पाण्याने भरलेले बारीक फोड उठले. तिसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरताना पाणी तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून ओघळलं. आरशात पाहिलं, तर तोंड उजवीकडे ओढलेलं आणि डावा डोळा मिटेचना.

ओसरीवर माणसं जमली. एक जण म्हणाला, "तोंडावरून वारं गेलं." दुसऱ्याने फोड पाहून नागीण ओळखली आणि गेरूचा लेप लावायला सांगितलं. शेजारचे अण्णा म्हणाले, "अमावस्येला मंत्र टाकणारा येतोय, तोवर थांबा." आबांनाही ते पटलं. "चार दिवस बघू," ते म्हणाले.

सून गावची आशा सेविका. ती चप्पल घालूनच पुढे आली. "आबा, बघत बसायला वेळ नाही. आत्ता निघायचं." दुपारच्या आत जीप तालुक्याच्या दवाखान्यात पोचली.

डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घालायला सांगितलं. उजवीकडे आठ्या पडल्या, डावी बाजू गुळगुळीतच राहिली. "मेंदूच्या झटक्यात बहुधा कपाळ हलतं," डॉक्टर म्हणाले. "इथे चेहऱ्याची अख्खी बाजू थंड आहे, म्हणजे दुखणं चेहऱ्याच्या नसेत आहे. लहानपणी कांजिण्या आल्या होत्या?"

"आल्या होत्या."

"त्यांचाच विषाणू नसांमध्ये वर्षानुवर्षं दडून राहतो. वय झालं, अंगातली ताकद उतरली, की नागीण होऊन उठतो. चेहऱ्याची नस कानाजवळच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून जाते. ती सुजली की तिथेच आवळली जाते." कानातले फोड आणि वाकडं तोंड ही जोडी १९०७ साली रॅम्से हंट या अमेरिकी डॉक्टरांनी मांडली. या आजाराला आजही त्यांचंच नाव आहे.

सूज उतरवायला स्टेरॉइड आणि विषाणूला रोखायला ॲसायक्लोव्हिर, अशा गोळ्या त्याच दिवशी सुरू झाल्या. "पहिल्या ७२ तासांत औषध मिळालं की नस सावरण्याची आशा जास्त. तुम्ही वेळेत आलात," डॉक्टर म्हणाले. मिटत नसलेल्या डोळ्याचं बुबुळ कोरडं पडून जखम होऊ नये म्हणून दिवसा थेंब, रात्री मलम आणि पापणीवर चिकटपट्टी. ती पट्टी सून रोज रात्री स्वतः लावायची.

फोड सुकले, कानाचा ठणका थांबला, पण तोंड तसंच राहिलं. नवरात्र आलं. पहाटे देवळात सनई नाही, हे आबांना सोसवेना. एके दिवशी त्यांनी डावा गाल बोटांनी दाबून धरला आणि सनई फुंकली. सूर निघाला नाही, वाराच फुसकन निसटला. कुणी विजेचे झटके देणारं यंत्र सुचवलं, कुणी तेल लावून गाल जोराने रगडायला सांगितलं. फिजिओथेरपिस्टने मात्र बजावलं होतं: आरशासमोर बसून हळुवार व्यायाम करायचा, थोडा थोडा. जोर केला तर नको ते स्नायू ओढायला लागतात आणि मग हसायला गेलं की डोळा मिटतो.

आबांनी पुन्हा गाल दाबला. तेवढ्यात नातू समोर येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "आबा, कोरड्या पत्तीवर जोर चालत नाही."

आबांनी सनई खाली ठेवली. दुसऱ्या दिवसापासून ते आरशासमोर बसू लागले. भुवई उचलायची, नाक आक्रसायचं, ओठांचा चंबू करायचा. नातू शेजारी बसून तेच करी. दिवाळीच्या सुमारास डाव्या ओठाचा कोपरा केसभर हलला. नातवाने घर डोक्यावर घेतलं.

महाशिवरात्रीच्या पहाटे देवळातून भैरवाचे सूर आले. फुंक पूर्वीइतकी लांब नव्हती, पण सूर खरा होता. आजही आबा हसले की डावा डोळा जरा बारीक होतो. तेवढी खूण राहिली.

पुढच्या वर्षी एका रात्री शेजारचे अण्णा धावत आले. त्यांच्या भावाचं तोंड वाकडं झालं होतं. या खेपेला त्यांनी अमावस्येचं नाव काढलं नाही. "सूनबाई, जीप सांगा!" एवढंच म्हणाले.

आबा दारापर्यंत गेले. अण्णांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अण्णा, आत्ता पळ. एक घटका दवडू नकोस. आणि औषध सुरू झालं, की मग मात्र घाई करू नकोस. आपण माणसं नेमकं उलटं करतो. धावायचं तेव्हा बसून राहतो, आणि थांबायचं तेव्हा जोर लावतो."