अंदाजपंचे चिप

सोल्डरिंग गन खाली ठेव आणि इकडे ये. माझ्या तोंडाकडे नको, बोर्डाकडे बघ. फ्यूज काळाठिक्कर. मॉस्फेट तिन्ही पायांत शॉर्ट. त्याच्या सोर्सखालचा अर्ध्या ओहमचा रेझिस्टर मधोमध फुटलाय. काल हा बोर्ड नुसता बंद होता, आज तू त्याला मारलास. सकाळी देवबागहून आजींचा फोन येऊन गेला, "मास्तरांनू, टीव्ही कधी गावतलो? चवथ इली." काय सांगू त्यांना? आमच्या झिलाने आयसी ओळखला म्हणून सांगू?

ओळखला म्हणे! अंदाजपंचे दाहोदरसे, याला ओळखणं म्हणतात काय रे? तीन मिलिमीटर लांबीचा सहा पायांचा आयसी, त्यावर चार-पाच अक्षरं. त्याचा मोबाइलवर फोटो काढलास, लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानदाराला पाठवलास. तो म्हणाला, "हाच असणार." त्याला माल विकायचाय, तो म्हणणारच. तू त्याच्या 'असणार'चं 'आहे' केलंस आणि पार्सल फोडून थेट बसवलास. पहिली दहा मिनिटं टीव्ही चालला, तर बाहेर चहाच्या टपरीवर जाऊन फुशारकी मारून आलास. ती दहा मिनिटं कशी मिळाली आणि अकराव्या मिनिटाला धडाम का झालं, ते तुला अजून कळलेलं नाही. माझा राग त्यावर आहे. पार्ट उडतात, दुकान म्हटल्यावर उडणारच. का उडाला हे न विचारता तू दुसऱ्या पार्सलची ऑर्डर द्यायला निघाला होतास.

आधी त्या अक्षरांचं बघू. एवढ्याशा अंगावर पुरा नंबर मावत नाही, म्हणून कंपनी खूण छापते. त्यातली एक-दोन अक्षरं आयसीची, उरलेली तारखेची आणि लॉटची. एकच आयसी, दोन महिन्यांत अक्षरं वेगळी. उलट दोन कंपन्यांचे दोन भलतेच आयसी, खूण मात्र सारखी. बाजारात तर जुना माल घासून वर नवा नंबर छापलेलाही मिळतो. मालवणच्या बंदरावर तुझी आई सुरमई घेताना वरची चकाकी बघून पैसे मोजते की कल्ला उचलून आत बघते? आणि तू टोपीवरची अक्षरं वाचून मोकळा!

"पाय तितकेच होते, सर." हे वाक्य माझ्या दुकानात पुन्हा नको. व्हायपर२२ए आठ पायांचा. त्याचे ५ ते ८ हे चारही पाय ड्रेन, म्हणून बोर्डावर ते एकाच जाड ट्रॅकला जोडलेले. टीएनवाय२६६ त्याच मापाचा, त्याच कामाचा. फक्त त्याचा ५ नंबर ड्रेन, ६ नंबर पाय कापलेलाच, आणि ७, ८ सोर्स. व्हायपरच्या जागी हा बसव, बघ काय होतं ते. बोर्डावरचा ट्रॅकच ड्रेन आणि सोर्स शॉर्ट करेल. मेनचे २३० व्होल्ट रेक्टिफाय होऊन ३२५ झालेले असतात, ते चॉपर ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीतून सरळ ग्राउंडला जातील.

बरं, पाय जुळले तरी पुरे का? यूसी३८४२ आणि यूसी३८४३ यांचे आठही पाय तंतोतंत सारखे. ३८४२ सुमारे १६ व्होल्टला जागा होतो आणि १० च्या खाली झोपतो. ३८४३ साडेआठच्या आत जागा होतो आणि ७.६ ला झोपतो. ज्या सर्किटात व्हीसीसी बारा व्होल्टच मिळतात तिथे ३८४२ लावलास तर तो जन्मात सुरू होणार नाही, आणि तू गिऱ्हाइकाला सांगशील, "पॅनेल गेलं."

आता हा आपला सहा पायांचा. नंबर पुसलेला असो नाहीतर भलताच छापलेला असो, पाय खोटं बोलत नाहीत. प्लग काढ. मेन कपॅसिटर डिस्चार्ज कर, स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून नव्हे, बल्ब लावून. मीटर बिपवर ठेव. कपॅसिटरच्या निगेटिव्हला जो पाय वाजला तो ग्राउंड. मॉस्फेटच्या गेटकडे छोट्या रेझिस्टरमधून, बहुतेक वेळा बाजूला डायोड घेऊन जाणारा तो आउटपुट. मॉस्फेटच्या सोर्सखालच्या त्या फुटक्या रेझिस्टरकडे एखाद्या किलोओहममधून येणारा तो करंट सेन्स. पीसी८१७ या ऑप्टोच्या चार नंबरला जाणारा फीडबॅक. छोट्या इलेक्ट्रोलिटिकला, चॉपरच्या सहायक वाइंडिंगच्या डायोडला आणि वरून येणाऱ्या मोठ्या स्टार्टअप रेझिस्टरना मिळालेला तो व्हीसीसी. झाले पाच. कागदावर एवढं काढायला पाव तास लागतो, आणि तो कागद मला तुझ्या टेबलावर कुठेच दिसत नाही.

आता उरला सहावा. याच पायाने तुझी खोड मोडली. या जातीच्या आयसींत पाच पाय बऱ्याचदा जुळतात, सहाव्यावर घराणं कळतं. काहींत तिथून ग्राउंडला साधा रेझिस्टर असतो आणि तो फ्रिक्वेन्सी ठरवतो, १०० किलोओहम लावला की साधारण ६५ किलोहर्ट्‌झ. काहींत तिथे थर्मिस्टर असतो, तापलं की आयसीने बंद व्हावं म्हणून. भिंग घे. त्या पायाचा ट्रॅक जिथे जातो तिथे बोर्डावर काय छापलंय? 'आर' नाही, 'एनटीसी' छापलंय, म्हणजे थर्मिस्टर. आणि तो पार्ट मॉस्फेटच्या हीटसिंकला चिकटवलाय. तू बसवलास तो आयसी तिथे फ्रिक्वेन्सीचा रेझिस्टर शोधणारा. थंड असताना थर्मिस्टर शंभर किलोच्या आसपास होता, म्हणून टीव्ही चालला. हीटसिंक तापला, थर्मिस्टर खाली आला, फ्रिक्वेन्सी वर गेली. फ्रिक्वेन्सी वाढली तसा मॉस्फेट आणखी तापला, थर्मिस्टर आणखी खाली. हे चक्र मॉस्फेट फुटेपर्यंत थांबणार नव्हतं. आली का तुझ्या दहा मिनिटांची गोष्ट ध्यानात?

आणि मेनला लावलेला सिरीज बल्ब का काढलास? "टीव्ही सारखा बंद-चालू होत होता." मग बल्ब तेच तर सांगत होता! तो राहिला असता तर मॉस्फेट गेला तरी करंट बल्बने अडवला असता, फ्यूज आणि रेझिस्टर तरी वाचले असते.

व्हीसीसी मोजलास म्हणतोस. काळी प्रोब कुठे होती? ट्यूनरच्या पत्र्यावर. मेल्या, ते थंड बाजूचं ग्राउंड. आयसी बसतो गरम बाजूला. दोन्हींच्या मध्ये चॉपर आणि ऑप्टो मुद्दाम घातलेत, संबंध तुटावा म्हणून. तिथे प्रोब लावून आलेला आकडा म्हणजे नुसता वारा, आणि त्या वाऱ्यावर तू जुन्या आयसीला मेलेला ठरवलंस.

मेलेला नव्हताच तो. कचऱ्याच्या डब्यातून मी काढला. व्हीसीसी ते ग्राउंड शॉर्ट नाही, आउटपुट शाबूत. मग हा व्हीसीसीचा इलेक्ट्रोलिटिक काढून मोजला. अंगावर २२ मायक्रोफॅरड, मीटरवर तीन. आजींनी टीव्ही आणला तेव्हा काय म्हणाल्या होत्या? "आत टिक टिक करता आणि लागणा नाय." टिक टिक म्हणजे आयसी जागा होतोय, कपॅसिटरमध्ये दम नाही म्हणून व्हीसीसी कोसळतंय, तो झोपतोय, पुन्हा जागा होतोय. आजींनी निदान करून दिलं होतं, तू कान बंद ठेवलेस. पाच-दहा रुपयांचं काम होतं ते.

त्यात आपली ही किनारपट्टी. समुद्राला लागून घर, चार महिने पावसाची ओल, खारं वारं. आयसीच्या पायांमध्ये हिरवट थर दिसतोय ना? तो थर वीज झिरपवतो आणि मीटरला फसवतो. ब्रश आणि आयसोप्रोपिलने धुतल्याशिवाय या भागातला कुठलाच बोर्ड मोजायचा नाही, हे तुला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. स्टार्टअपचे मोठ्या व्हॅल्यूचे रेझिस्टर सुटे करून मोज, तेही ओपन होतात. तेसुद्धा तू केलेलं नाहीस.

तर आता ऐक. बोर्ड धू. सहाही पायांचं चित्र काढ, प्रत्येक पाय कुठे जातो ते लिही आणि मला दाखव. मी सही केल्याशिवाय गन गरम करायची नाही. मग कपॅसिटर नवा, मॉस्फेट नवा, सेन्स रेझिस्टर त्याच व्हॅल्यूचा आणि त्याच वॅटचा, फ्यूज त्याच अँपिअरचा, तार गुंडाळलेली खपवून घेणार नाही. आयसी तोच, आजींचा. सिरीज बल्बवर तासभर चालव, हीटसिंक तापेल इतका वेळ. आजींच्या बिलात फक्त कपॅसिटर आणि मजुरी लागेल. बाकीचं तुझ्या पगारातून. आणि फोन तूच लाव त्यांना, आत्ता, माझ्यासमोर.