श्रोत्याचे देणे

कलावंताने रसिकांस काय द्यावे, याची चर्चा आपल्या मंडळांतून आणि संमेलनांतून उदंड होते. रसिकाने काय द्यावयाचे, हा प्रश्न मात्र सहसा निघत नाही. तिकिटाचे पैसे दिले, टाळ्या वाजविल्या, की त्याच्याकडील हिशेब मिटला असे आपण धरून चालतो. परंतु काही कृती अशा असतात की त्या हा मिटलेला हिशेब पुन्हा उघडावयास लावतात. स्टीव्ह राइश या अमेरिकन संगीतकाराने १९६७ साली रचलेली ‘पियानो फेज’ ही दोन पियानोंची कृती त्यांपैकी एक होय. अल्पतम सामग्रीतून संगीत उभे करणाऱ्या ज्या पंथास ‘मिनिमलिझम’ असे नाव पडले, त्याच्या आरंभीच्या कृतींत तिची गणना होते. तिच्याहूनही तिच्या श्रोत्यांच्या प्रतिक्रिया आम्हांस अधिक विचारप्रवर्तक वाटतात.

प्रथम कृतीचे स्वरूप सांगणे आवश्यक आहे. दोन वादक बारा स्वरांची एकच आकृती एकदम वाजवू लागतात. तीत वेगळे स्वर पाचच आहेत. तळच्या स्वरास षड्ज मानल्यास ते सा, रे, प, ध आणि कोमल नी असे येतात. आणि त्यांचा क्रम सा रे प ध नी रे सा ध प रे नी ध असा आहे. घरच्या पेटीवर कोणासही ही आकृती काढून पाहता येईल. पहिला वादक आपली लय यत्किंचितही ढळू देत नाही. दुसरा मात्र कळेल न कळेल इतका वेग वाढवीत जातो. काही क्षण दोन्ही आकृत्या एकमेकींत गुंतून धूसर होतात आणि मग दुसरा वादक पहिल्याच्या बरोबर एक स्वर पुढे जाऊन स्थिरावतो. तेथे थोडा काळ थांबून तो पुन्हा पुढे सरकतो. अशा बारा पायऱ्या ओलांडल्या की दोघेही मूळ ठिकाणी एकत्र येतात. पुढे आठ स्वरांची आणि शेवटी चार स्वरांची आकृती घेऊन हाच क्रम चालतो. एकेक पायरी किती वेळ आळवावयाची हे काही मर्यादेत वादकांवर सोपविलेले आहे. एकूण वादन साधारण वीस मिनिटांचे होते.

ही कल्पना राइश यांस यंत्रामुळे सुचली. सान फ्रान्सिस्कोच्या चौकात उपदेश करणाऱ्या एका धर्मोपदेशकाचा आवाज त्यांनी ध्वनिमुद्रित केला होता. त्यातील एकच तुकडा दोन यंत्रांवर एकदम लावला असता यंत्रांच्या गतीतील सूक्ष्म फरकाने दोन्ही आवाज हळूहळू एकमेकांपासून सरकू लागले. त्यातून १९६५ ची ध्वनिफितीवरील कृती जन्मली. यंत्र जे करते ते माणसाच्या दोन हातांना साधेल काय, या कुतूहलाने ते पियानोकडे वळले. ते साधले. आणि साधल्यावर असे ध्यानी आले की दोन आकृत्यांच्या सरकण्यातून श्रोत्यास अशा सुरावटी ऐकू येतात, ज्या दोघांपैकी एकही वादक स्वतंत्रपणे वाजवीत नसतो. एकाला वरच्या पट्टीतील एखादी ओळ उमटलेली जाणवते, तर शेजारी बसलेल्याचे कान खालच्या स्वरांच्या ठेक्यावर खिळतात. ऐकणाऱ्याच्या अवधानाचा वाटा या कृतीत फार मोठा आहे.

आता प्रतिक्रियांकडे वळू. मार्च १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या पार्क प्लेस या चित्रदालनात राइश यांच्या कृतींचे कार्यक्रम झाले, त्यांत हीही रचना होती. तो श्रोतृवर्ग मुख्यतः नव्या चित्रकारांचा आणि शिल्पकारांचा होता. एकाच आकाराच्या पुनरावृत्तीतून काय घडते, हे त्यांनी स्वतःच्या कामात पाहिलेले असल्याने त्यांच्या डोळ्यांनी कानांची पूर्वतयारी करून ठेवली होती. सहा वर्षांनंतरचे, १८ जानेवारी १९७३ चे चित्र निराळे आहे. कार्नेगी हॉलमध्ये बॉस्टन सिम्फनीच्या कार्यक्रमात मायकेल टिल्सन थॉमस यांनी राइश यांची ‘फोर ऑर्गन्स’ ही १९७० ची रचना सादर केली. चार इलेक्ट्रिक ऑर्गन, खुळखुळ्यांचा अखंड ठेका आणि हळूहळू ताणला जाणारा एकच स्वरसमूह, एवढेच तिचे भांडवल. ठरीव वर्गणीदारांच्या त्या सभागृहात इतका गलका झाला की वादकांस एकमेकांचे वादन ऐकू येईना. थॉमस यांस मात्रांची मोजणी ओरडून सांगावी लागली.

त्यानंतर चार दशके लोटली. राइश यांस १९७३ साली जे ऐकून घ्यावे लागले ते इतिहासजमा झाले, अशी समजूत होण्याइतकी त्यांची कीर्ती वाढली. आणि २८ फेब्रुवारी २०१६ रोजी, रविवारी, जर्मनीतील कोलोन शहराच्या फिलहार्मोनी सभागृहात ‘पियानो फेज’च वादनाच्या मध्यावर बंद पाडली गेली. वादक होते तेहरानमध्ये जन्मलेले महान इस्फहानी. त्यांचे वाद्य हार्पसिकॉर्ड, म्हणजे पियानोच्या आधीचे, तारा छेडून नाद काढणारे. एक बाजू ते स्वतः वाजवीत होते आणि दुसरी बाजू ध्वनिमुद्रित होती. त्यांनी प्रारंभी इंग्रजीत काही निवेदन केले, तेव्हा जर्मन बोला, असे कोणीतरी ओरडले. वादन सुरू झाल्यावर काही मिनिटांतच शिट्ट्या, उपरोधाच्या टाळ्या, दारांकडे जाणाऱ्यांची गडबड, आणि त्यांस गप्प करू पाहणाऱ्यांचा प्रतिकोलाहल असे सारे मिसळले. इस्फहानींनी वादन थांबविले, तुम्हांला भीती कशाची वाटते, असे सभागृहास विचारले, आणि मग बाखपुत्राची एक रचना वाजविली.

हे घडले ते नव्या संगीताशी अपरिचित गावात नव्हे. याच कोलोनच्या आकाशवाणीने विसाव्या शतकाच्या मध्यास इलेक्ट्रॉनिक संगीताची प्रयोगशाळा उभारली आणि श्टॉकहाउझेन तेथेच काम करीत. तेव्हा संताप येतो तो केवळ अज्ञानामुळे, असे म्हणता येत नाही.

कंटाळा आणि संताप यांत भेद आहे. कंटाळलेला मनुष्य जांभई देतो, घड्याळ पाहतो, फार तर डुलकी घेतो. येथे माणसे रागावली, ती का? आमच्या मते दोन कारणे संभवतात. नेहमीचे संगीत ऐकताना पुढे काय येणार या उत्कंठेवर मन तरंगत असते. ती उत्कंठा काढून घेतली की श्रोत्यास स्वतःच्याच मनाच्या अस्वस्थतेशी बसावे लागते, आणि ती सोबत फार थोड्यांस रुचते. नामस्मरणात किंवा ज्ञानोबा-तुकारामाच्या गजरात पुनरावृत्ती याहून अधिक असते, परंतु तेथे नाम घेणारा आपणच असतो. श्रद्धेने आणि स्वतःच्या कंठाने आपण त्या पुनरावृत्तीत उतरलेलो असतो. खुर्चीत निमूट बसलेल्या श्रोत्यास तो आधार नाही. दुसरे कारण फसवणुकीची शंका हे होय. इतके थोडे देऊन हा आपली थट्टा तर करीत नाही ना, ही ती शंका. तिच्याबाबत राइश यांच्या बाजूने एवढे म्हटले पाहिजे की त्यांनी काहीही झाकून ठेवलेले नाही. संगीतातील प्रक्रिया घडत असताना ती श्रोत्यास ऐकू आली पाहिजे, असा आग्रह त्यांनी १९६८ च्या निबंधात मांडला. ‘पियानो फेज’मध्ये सारे पत्ते उघडे आहेत.

अभिनवगुप्तांनी ‘अभिनवभारती’त रसप्रतीतीच्या मार्गातील सात विघ्ने सांगितली आहेत. ते विवेचन नाट्याचे आहे. तरी त्याचा विस्तार येथे उपयोगी पडावा. त्यांपैकी काही विघ्ने कृतीच्या बाजूची आहेत. आशय स्फुट नसणे हे एक, आणि प्रधान असे काही नसणे हे दुसरे. काही मात्र प्रेक्षकाच्या बाजूची आहेत: आपल्याच सुखदुःखात गुरफटून विवश होणे, तसेच ‘हे माझे, हे परक्याचे’ अशा देशकालाच्या विशिष्टतेत अडकून राहणे. ‘पियानो फेज’ला अस्फुटतेचा दोष लावता येणार नाही. प्रधानतेचा आक्षेप मात्र गंभीर आहे. येथे नायक म्हणावी अशी सुरावट नाही. ती आपल्या कानांनी निवडावयाची असते, आणि ही निवड करणे ज्यास जमत नाही वा आवडत नाही त्याच्या पदरी वीस मिनिटांनंतर काहीही पडणार नाही. तो लबाड किंवा अरसिक ठरतो, असे आम्ही मानीत नाही.

प्रेक्षकाच्या बाजूचे जे शेवटचे विघ्न सांगितले, त्याकडे आपण जुन्या स्थलांतरित मराठी कुटुंबांनी विशेष लक्ष द्यावे. जर्मन बोला, ही हाक ऐकून आपल्यापैकी अनेकांस ओळखीचे काही आठवेल. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्या भाषेच्या मुलुखात राहून आपण असे बोल ऐकले आहेत. आणि आपल्या मंडळाच्या सभागृहात कधी आपणही ते कोणास तरी ऐकविले असतील. परंतु याच विघ्नाचे एक गोड रूप आहे आणि ते आपल्याकडे अधिक आढळते. ‘यात नवीन काय? हे आमच्याकडे पूर्वापार आहेच,’ असे म्हणणे हे ते रूप.

हा दावा तपासून पाहावा. राइश यांचे समकालीन टेरी रायली व ला मॉन्टे यंग यांनी १९७० पासून पंडित प्राणनाथांचे शिष्यत्व पत्करले. प्राणनाथ किराना घराण्याच्या अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य. आणि वहीद खाँसाहेबांच्या विलंबित बढतीचा संस्कार इंदूरच्या उस्ताद अमीर खाँसाहेबांवरही होता. मोजक्या स्वरांचे सारे क्रमबदल धुंडाळणारी अमीर खाँसाहेबांची मेरुखंड पद्धती आठवली की साम्य अधिकच मोह घालते. परंतु रायली शिष्य झाले त्याच्या आधीच ‘पियानो फेज’ रचली गेली होती. राइश स्वतः १९७० साली शिकावयास गेले ते घानामधील ढोलवादन. शिवाय आपल्या तबलावादनात लेहरा एकसारखा फिरत राहतो तो तबल्यासाठी पट मांडावा म्हणून. लेहऱ्यालाच कोणी मैफलीचा विषय करीत नाही. राइश यांनी मात्र तो पटच पुढे आणला. तेव्हा हे आपल्याकडे होते असे म्हणणे वस्तुस्थितीस धरून नाही. कोलोनच्या श्रोत्याने परके म्हणून कृती दाराबाहेर लोटली. आपण आपलीच म्हणून तिला गिळून टाकतो. ती कृती ऐकली जात नाही, हे दोन्हीकडे सारखेच.

आपल्या घरातील इतिहासातूनही एक दाखला घेता येईल. ग्वाल्हेर गायकीच्या मध्यलयीच्या डौलावर वाढलेल्या कानांस किराण्याची एकेका स्वरावर रेंगाळणारी बढत लयहीन वाटावी, हे स्वाभाविक होते. अतिविलंबित झूमरा सुरू होताच चहासाठी उठणारे श्रोते अजूनही दिसतात. त्या गायकीस स्थान मिळाले ते काही श्रोते नापसंती मनात ठेवून बसून राहिले म्हणून. बसून राहिलेल्यांपैकी सर्वांनाच ती आवडली असे नाही.

मग श्रोत्याचे देणे कोणते? आवडून घेणे हे खचितच नव्हे. विद्वानांत आपले हसे होईल या भयाने दिलेली दाद ही कोलोनच्या शिट्टीइतकीच अप्रामाणिक असते, आणि नव्या कलेचे त्या दादेने अधिक नुकसान झाले आहे. पहिले देणे आहे ते शेजाऱ्याचे. निमूटपणे उठून जाण्याचा हक्क प्रत्येकास आहे, परंतु गोंगाट करणारा मनुष्य दुसऱ्याचे ऐकणे हिरावून घेतो. तिकिटाने आपणांस एक आसन मिळते. शेजाऱ्याच्या कानांवरचा अधिकार त्यात येत नाही. संयोजकांचेही येथे कर्तव्य आहे: श्रोत्यास काय ऐकावयास मिळणार आहे, हे त्यास समजेल अशा भाषेत आगाऊ सांगणे. कोलोनच्या त्या ओरडणाऱ्याच्या उद्धटपणाखाली ही एक रास्त मागणी दडलेली असू शकते.

दुसरे देणे कृतीचे. ‘मला कंटाळा आला’ हे आत्मवृत्त आहे. ते तिसऱ्या मिनिटासही सांगता येते आणि त्यास कोणी आव्हान देऊ शकत नाही. ‘ही कृती कंटाळवाणी आहे’ हा निर्णय आहे. साक्ष पुरी होण्याआधी दिलेल्या निकालास जसे आपण न्याय म्हणत नाही, तसेच येथेही. जो शेवटपर्यंत बसला, ज्याने दोन आकृत्या विलग होताना आणि पुन्हा मिळताना ऐकल्या, त्याने बाहेर येऊन ‘यात मला काही गवसले नाही’ असे म्हटले तर ते मत आदराने ऐकले पाहिजे, आणि स्वतः राइश यांनीही ते ऐकावे. जो मध्येच उठला त्याने स्वतःविषयी बोलावे, कृतीविषयी नाही. आपल्या लहान लहान मंडळांतून, जेथे श्रोते आधीच मोजके असतात आणि नवे काही करू पाहणारा तरुण त्याहून मोजका, तेथे हा भेद पाळणे अधिकच अगत्याचे आहे. त्याचे काम पसंत पडावे अशी त्याची अपेक्षा नसतेही. निर्णय ऐकविण्याआधी वीस मिनिटे मिळावीत, इतके मागण्याचा त्यास अधिकार आहे.