मागून घेतलेले दान

सेवेत काय द्यावे, किती द्यावे, यावर आपण सत्संगात पुष्कळ ऐकतो. मागणाऱ्याने कसे मागावे, हा प्रश्न मात्र मागण्याची जबाबदारी अंगावर पडेपर्यंत सुचत नाही. मला तो गेल्या हिवाळ्यात पडला, तो एका गोधडीमुळे.

इंदूरमधील आमच्या केंद्रात शनिवारी दुपारी काही भगिनी गोधड्या शिवायला बसतात. मराठी काकू आहेत, माळव्यातल्या भाभी आहेत, एक बंगाली मावशी आहेत. जुन्या साड्या एकावर एक अंथरायच्या, कडा दुमडायच्या आणि धावदोरा घालत जायचे. या गोधड्या रुग्णालयाबाहेर उघड्यावर रात्र काढणाऱ्या नातेवाइकांना दिल्या जातात. काम संथ चालते. गप्पा होतात, चहा होतो, आणि गोधडी पूर्ण होईपर्यंत थंडी सरलेली असते.

म्हणून मी ४० दिवसांचे आव्हान सुचवले आणि ते चालवण्याची सेवाही मागून घेतली. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी, त्यामुळे नियम आणि तक्ते करण्याचा उत्साह दांडगा. नवे कापड चालणार नाही. प्रत्येकीने घरात जपून ठेवलेले एक वस्त्र सामायिक गाठोड्यात द्यायचे. चिठ्ठी टाकून दुसरीचे वस्त्र उचलायचे आणि त्यापासून गोधडी करायची. गोधडीवर नाव घालायचे नाही. "जपून ठेवलेले" हे शब्द मला फार आवडले होते. आसक्ती सोडण्याची साधनाच जणू मी एका ओळीत बसवली होती. एकोणीस जणींनी नावे दिली.

वस्त्रे जमा करण्याच्या दिवशी एक काकू दोन कोऱ्या सुती साड्या घेऊन आल्या. दुकानातली घडीही मोडलेली नव्हती. मी हसत, पण सगळ्यांसमोर म्हणाले, "काकू, नियम म्हणजे नियम." त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या शनिवारी त्यांनी एक विरलेली, धुऊन धुऊन मऊ पडलेली साडी आणून गाठोड्यात ठेवली. मी तक्त्यात त्यांच्या नावापुढे खूण केली. त्यानंतर तीन शनिवार त्या आल्या नाहीत.

ती साडी त्यांच्या आईची होती. आईची म्हणून तेवढी एकच वस्तू त्यांच्याकडे उरली होती. मला हे कळले तेव्हा साडीचे तुकडे झाले होते.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीच्या आशेने, फळावर डोळा ठेवून किंवा मनाला क्लेश होत असताना दिलेले दान राजस मानले आहे. या अध्यायावरच्या एका प्रवचनाचा अनुवाद मी त्याच सुमारास केला होता. "क्लेश"ऐवजी "नाइलाजाने" लिहावे का, यावर बराच वेळ घालवला होता. शब्द शोधताना त्याचा अर्थ आपल्या गाठोड्यात पडून आहे, हे ध्यानातही आले नाही. दान राजस ठरले तर तो देणाऱ्याचा दोष, असे आपण वाचतो. पण तो क्लेश ज्याने नियम करून घडवला, त्याचे काय? तिथे काकूंचा दोष मला कुठे दिसत नाही.

यावर माझ्या मनाने लगेच बचाव मांडला. आव्हान ऐच्छिक होते, काकू नाही म्हणू शकत होत्या. हे खरे नाही. अठरा जणी बघत असताना, तेही सेवेच्या नावाने मागितल्यावर, नाही म्हणायला जे बळ लागते ते मी माझ्या नियमांत कुठेच धरले नव्हते. दुसरा बचाव अधिक भारदस्त होता: साधनेत कठोरपणा लागतोच, गुरूही शिष्याकडून कठीण गोष्टी मागतात. मागतात. पण त्यांनी स्वतः आधी ते सोडलेले असते. मी गाठोड्यात काय दिले होते? बाबांच्या दोन जुन्या लुंग्या. फडक्यांच्या ढिगातून काढलेल्या. खुणा करणारी मीच होते, म्हणून मला कोणी विचारले नाही.

प्राचीन बौद्ध भिक्षूंच्या पांसुकूल चीवराविषयी पुढे वाचनात आले. उकिरड्यावर किंवा स्मशानात टाकलेले, ज्यावर कोणाचाच हक्क उरलेला नाही असे कापड ते गोळा करीत, धूत आणि तुकडे जोडून पांघरत. विरक्तीचे वस्त्र करायला त्यांना कोणाची आसक्ती ओढून घ्यावी लागली नाही. मी नेमके उलट केले होते.

मी काकूंच्या घरी गेले. म्हणाले, गोधडी तुम्हाला परत देते, रुग्णालयासाठी दुसरी करू. हिशेबात चूक झाली की उलट नोंद करतात, तसेच काहीसे डोक्यात होते. काकूंनी पाणी दिले, गूळ दिला. मग म्हणाल्या, "दिलं ते दिलं, ते परत नको. पण बाळ, मागायचं होतं तर बाजूला घेऊन मागायचंस. तू सगळ्यांसमोर मागितलंस." थोड्या वेळाने हेही म्हणाल्या, "परत घेतली तर तुला बरं वाटेल."

मी परत आणलेली क्षमा घेऊन कुठे जावे, ते मला कळेना.

ती साडी चिठ्ठीत बंगाली मावशींना मिळाली होती. त्यांच्याकडे कांथा शिवताना जुन्या साडीच्या काठातले धागे काढून त्यांनीच टाके घालण्याची रीत आहे. त्यांनीही या साडीच्या काठाचे धागे काढून ठेवले होते. काही वापरले होते, काही उरले होते. उरलेले धागे त्यांनी एका कागदावर गुंडाळले आणि काकू परत आल्या त्या शनिवारी न बोलता त्यांच्या डब्यात ठेवले. मावशींना कोणी काही सांगितले नव्हते. निदान मी तरी नाही.

गोधडी इतर गोधड्यांबरोबर रुग्णालयाबाहेर वाटली गेली. नावे नव्हती, त्यामुळे कोणती कोणाला गेली ते सांगता येणार नाही.

यंदा पुन्हा आव्हान आहे आणि ते पुन्हा माझ्याकडेच आहे. दुसरा नियम मी काढून टाकला. एका भाभींचे म्हणणे, मग यात आव्हान काय उरले? त्यांना पटेल असे उत्तर माझ्याकडे अजून नाही. कापड कोणी काय आणते ते आता आतल्या खोलीत एकेकीकडून घेते. काकूंनी त्याच दोन साड्या आणल्या आहेत. घडी मोडलेली आहे. एकदा धुतल्या आहेत, म्हणाल्या, म्हणजे सुई नीट जाते.